माणसे मोजायची की राज्ये?

केरळचा एक लोकसभा खासदार सरासरी १६ लाख ७० हजार लोकांचा प्रतिनिधी असतो. राजस्थानचा एक खासदार २७ लाख ४० हजार लोकांचा. २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या घेऊन तिला लोकसभेच्या जागांनी भागले की हे आकडे मिळतात. याचा सरळ अर्थ असा, की लोकसभेत केरळच्या दहा माणसांना जेवढे वजन आहे, तेवढ्यासाठी राजस्थानची सोळा माणसे लागतात. एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य या तत्त्वाला हे धरून नाही.

आता दुसरी बाजू. उद्या लोकसंख्येप्रमाणे जागा वाटल्या, तर केरळ आणि तामिळनाडूसारखी राज्ये संसदेत आजच्यापेक्षा दुबळी होतील. शिक्षण आणि आरोग्यावर खर्च करून ज्यांनी लोकसंख्यावाढ आटोक्यात आणली, त्यांचाच आवाज कमी होईल. ते म्हणतात हा अन्याय आहे. त्यांचेही म्हणणे खोटे नाही.

व्यवसायाने मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दोन ग्राहकांच्या दोन रास्त मागण्या एकमेकींना छेद देत असतील, तर दोन्ही एकाच खिडकीत कोंबू नयेत, हे या धंद्यात लवकर कळते. मतदारसंघ फेररचनेच्या वादात आपण नेमके तेच करत आहोत. माणसांची समानता आणि राज्यांची समानता या दोन वेगळ्या समानता आहेत. संविधानाने आपल्याला सभागृहेही दोन दिली आहेत. तरी सगळे भांडण एकट्या लोकसभेवरून चालले आहे.

गोठवलेला आकडा

मूळ संविधानात नियम साधा होता. अनुच्छेद ८१ प्रमाणे राज्याच्या लोकसंख्येचे त्याच्या जागांशी असलेले प्रमाण शक्यतो सर्व राज्यांत सारखे हवे, आणि अनुच्छेद ८२ प्रमाणे प्रत्येक जनगणनेनंतर त्याची फेरमांडणी व्हावी. १९७६ साली, आणीबाणीत, ४२ व्या घटनादुरुस्तीने ही फेरमांडणी २००० सालापर्यंत थांबवली आणि १९७१ चे आकडे कायम केले. २००१ सालच्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. म्हणजे कुलूप उघडण्याची वेळ आली आहे. शिवाय २०२३ साली मंजूर झालेले महिला आरक्षणही याच फेररचनेला बांधलेले आहे, त्यामुळे हा विषय टाळून पुढे जाता येणार नाही.

१९७१ साली देशाची लोकसंख्या सुमारे ५४ कोटी ८० लाख होती. २०११ साली ती १२१ कोटी झाली. मधल्या काळात राज्यांची वाढ सारखी झाली नाही, पण जागांचा हिशेब तिथेच थांबला.

हा वाद आपलाही का आहे

उत्तर विरुद्ध दक्षिण हा वाद महाराष्ट्रातल्या तरुणाला लांबचा वाटतो. २०११ च्या आकड्यांवर ५४३ जागा वाटल्या तर महाराष्ट्राच्या ४८ च्या ५० होतात, एवढाच फरक. पण या वादात एक वाक्य सारखे कानावर येते आणि ते आपल्याला ओळखीचे असायला हवे: 'ज्यांनी मुले कमी केली त्यांना बक्षीस, ज्यांनी केली नाहीत त्यांना शिक्षा.'

मुस्लीम तरुणांनी हे वाक्य वेगळ्या संदर्भात लहानपणापासून ऐकले आहे. लोकसंख्या हा शब्द आपल्याकडे आकडा म्हणून कमी आणि आरोप म्हणून जास्त वापरला जातो. जागा गोठवण्याची कल्पना जाहीर झाली ती एप्रिल १९७६ च्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणात. त्याच काळात सक्तीच्या नसबंदीची मोहीम चालू होती आणि दिल्लीच्या तुर्कमान गेटसारख्या वस्त्या तिच्या दहशतीखाली होत्या. म्हणजे मताचे वजन आणि घरातली मुले यांची सांगड त्या धोरणाने घातली. आज तीच सांगड दक्षिणेतले पुरोगामी नेतेही घालतात, तेव्हा हेतू कितीही चांगला असला तरी तत्त्व चुकीचेच राहते. नागरिकाचे मत हे त्याच्या आईवडिलांनी किंवा शेजाऱ्यांनी किती मुले जन्माला घातली यावर ठरू शकत नाही. आपल्याविरुद्ध वापरले जाणारे हे तर्कशास्त्र आपण दुसऱ्यांविरुद्धही मान्य करता कामा नये.

यात कोणाचे नुकसान होते तेही पाहा. २०११ साली उत्तर प्रदेशातल्या मुसलमानांची संख्या ३ कोटी ८५ लाख होती. संपूर्ण केरळची लोकसंख्या त्याहून कमी, ३ कोटी ३४ लाख. उत्तर प्रदेशात एका खासदारामागे २५ लाख माणसे आहेत. त्या गर्दीत तिथला मुसलमान आहे, दलित आहे, भूमिहीन मजूर आहे. 'उत्तरेला जास्त जागा' म्हटले की डोळ्यांसमोर एखादा पक्ष येतो. पक्ष बदलत राहतात. कमी वजनाचे मत मात्र त्या माणसाकडे कायम राहते.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे: लोकसभा ही माणसांची सभा आहे आणि ती माणसांच्या संख्येवरच चालली पाहिजे. गोठवणे आणखी पंचवीस वर्षे वाढवा, ही मागणी मार्च २०२५ मध्ये चेन्नईत जमलेल्या मुख्यमंत्र्यांनी आणि नेत्यांनी केली. ती मला मान्य नाही.

पण भीती खरी आहे

२०११ च्या आकड्यांवर ढोबळ हिशेब करू. आज उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या चार राज्यांच्या मिळून १७४ जागा आहेत. तामिळनाडू, कर्नाटक, केरळ, आंध्र आणि तेलंगणा या पाचांच्या १२९. लोकसंख्येप्रमाणे वाटल्यावर चार राज्यांच्या २०० होतात आणि पाच राज्यांच्या ११३. एकट्या केरळच्या २० च्या १५.

यावर एक तोडगा सांगितला जातो: एकूण जागा वाढवा, म्हणजे कोणाच्याच कमी होणार नाहीत. नव्या संसद भवनात लोकसभेसाठी ८८८ आसने आहेतच. पण हा तोडगा दिसतो तेवढा भरीव नाही. ८८८ जागा धरल्या तर केरळच्या २० वरून सुमारे २४ होतील आणि उत्तर प्रदेशच्या ८० वरून सुमारे १४६. आज दोघांत ६० जागांचे अंतर आहे, ते १२२ होईल. मतदान बहुमतावर होते. तिथे आपण किती आहोत यापेक्षा एकूणात आपला वाटा किती आहे हे महत्त्वाचे असते.

महाराष्ट्राने हा अनुभव आपल्या हद्दीत घेतला आहे. २००८ च्या फेररचनेत राज्याच्या जागा ४८ च राहिल्या, पण राज्यातल्या राज्यात त्या हलल्या. त्याआधी ठाण्याच्या दक्षिणेकडच्या कोकणात कुलाबा, रत्नागिरी आणि राजापूर असे तीन मतदारसंघ होते. नंतर रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग असे दोन उरले. नाथ पै आणि मधु दंडवते यांना संसदेत पाठवणारे राजापूर नकाशावरून गेले. विदर्भाच्या ११ च्या १० झाल्या. दुसऱ्या टोकाला ठाणे जिल्ह्यात ठाणे आणि डहाणू या दोन मतदारसंघांच्या जागी ठाणे, कल्याण, भिवंडी आणि पालघर असे चार झाले.

हा निर्णय न्याय्यच होता. कोकणातला माणूस पोटासाठी मुंब्र्याला, भिवंडीला आला, तर त्याचे मतही त्याच्याबरोबर यायला हवे. पण मागे राहिलेल्या गावांचे प्रश्न माणसांबरोबर निघून जात नाहीत. बंदर, रस्ता, आंब्या-काजूचा भाव, समुद्रातली मासेमारी हे प्रश्न तिथेच राहतात, फक्त ते मांडणारा आवाज एकाने कमी होतो. राज्यांचेही असेच आहे. राज्य म्हणजे निव्वळ माणसांची बेरीज नव्हे. त्याला भाषा आहे, इतिहास आहे, स्वतःचे विधिमंडळ आणि स्वतःचे कायदे आहेत. त्याला या नात्याने बोलायला जागा हवीच. प्रश्न एवढाच, की ती कोणत्या सभागृहात.

राज्यांची सभा, पण नावापुरती

उत्तर नावातच आहे: राज्यसभा. पण चौथी अनुसूची उघडून पाहिली तर राज्यसभेतही वाटप बहुतांशी लोकसंख्येवरच आहे. पहिल्या पन्नास लाखांपर्यंत दर दहा लाखांमागे एक जागा, त्यापुढे दर वीस लाखांमागे एक, असे ते मूळ सूत्र. त्याप्रमाणे आज उत्तर प्रदेशला ३१, महाराष्ट्राला १९, तामिळनाडूला १८, केरळला ९, आणि गोवा, सिक्कीम, मेघालय, नागालँड यांना प्रत्येकी एक. मोठ्या राज्यांचा वाटा लोकसभेपेक्षा थोडा कमी होतो एवढेच. वर सांगितलेल्या चार राज्यांच्या इथे ६८ जागा आहेत, दक्षिणेतल्या पाचांच्या ५७.

जे थोडे राज्यपण होते तेही झिजत गेले. २००३ सालच्या दुरुस्तीने राज्यसभेच्या उमेदवाराला त्या राज्याचा रहिवासी असण्याची अट काढून टाकली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली कुलदीप नय्यर खटल्यात ती दुरुस्ती वैध ठरवली. आता कोणत्याही राज्यातून कोणालाही निवडून आणता येते. धनविधेयकावर राज्यसभेला चौदा दिवसांत फक्त शिफारशी करता येतात. २०१६ साली आधारचा कायदा धनविधेयक म्हणून मांडला गेला, राज्यसभेने सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेने फेटाळल्या आणि कायदा झाला. कोट्यवधी लोकांच्या बोटांचे ठसे ज्या यंत्रणेत आहेत, तिच्या कायद्यावर राज्यांच्या सभेला निर्णायक मत नव्हते. शिवाय दोन्ही सभागृहांत मतभेद झाला तर अनुच्छेद १०८ प्रमाणे संयुक्त बैठक होते. तिथे ५४३ विरुद्ध २४५ असा सामना असतो. २००२ साली 'पोटा' याच मार्गाने मंजूर झाला. त्या कायद्याची झळ कोणाला बसली हे आपल्या वाचकांना सांगायची गरज नाही.

अमेरिकेची नक्कल नको

मग प्रत्येक राज्याला सारख्या जागा द्याव्यात का? अमेरिकेत १७८७ साली अशीच तडजोड झाली: प्रतिनिधिगृह लोकसंख्येवर, सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन. आज कॅलिफोर्नियाच्या जवळजवळ चार कोटी लोकांचे दोन सिनेटर आणि वायोमिंगच्या पावणेसहा लाख लोकांचेही दोनच. आपल्याकडे हा नियम लावला तर उत्तर प्रदेशचे वीस कोटी आणि सिक्कीमचे सहा लाख एका तागडीत येतील. एक असमतोल काढून दुसरा बसवल्यासारखे होईल.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. अनुच्छेद ३ प्रमाणे संसद साध्या बहुमताने नवे राज्य निर्माण करू शकते. संबंधित विधानसभेचे फक्त मत विचारले जाते. आंध्र प्रदेश विधानसभेने विभाजनाचे विधेयक नाकारले होते, तरी २०१४ साली तेलंगणा झाले. प्रत्येक राज्याला सारख्या जागा असा नियम झाला, तर लोकसभेत बहुमत असलेला पक्ष एका राज्याची चार राज्ये करून राज्यसभेतले बहुमतही तयार करू शकेल. अमेरिकेत १८२० साली गुलामगिरीच्या बाजूचे आणि विरोधातले सिनेटर समसमान राहावेत म्हणून मिसुरी आणि मेन ही राज्ये जोडीने घेण्यात आली. तिथे राज्यांच्या निर्मितीला हिशेबाचे रूप आले ते असे.

आणि एक गोष्ट अल्पसंख्याक म्हणून लक्षात ठेवली पाहिजे. राज्यांचे हक्क म्हणजे आपोआप माणसांचे हक्क नव्हेत. त्याच सिनेटमध्ये दक्षिणेकडच्या राज्यांच्या सदस्यांनी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांची विधेयके दशकानुदशके अडवून धरली. १९६४ चा कायदाही दोन महिन्यांच्या अडवणुकीनंतरच पुढे सरकला. तेव्हा राज्यांचे सभागृह मजबूत हवे, पण त्याचा हात मूलभूत हक्कांच्या गळ्यापर्यंत पोहोचता कामा नये.

जर्मनीचा मार्ग मधला आहे. तिथल्या बुंडेसराटमध्ये प्रत्येक राज्याला किमान तीन आणि कमाल सहा मते आहेत. एक कोटी ऐंशी लाखांच्या नॉर्थ राइन-वेस्टफालियाला सहा, सात लाखांच्या ब्रेमेनला तीन. लोकसंख्या मोजली जाते, पण तिचे वजन वर जाताना कमी कमी होत जाते.

एक मांडणी

आपल्यासाठी याच धर्तीवर एक आराखडा मांडतो. एक कोटीपर्यंतच्या राज्यांना ३ जागा, एक ते चार कोटींच्या राज्यांना ८, चार ते आठ कोटींच्या राज्यांना १०, आणि त्यावरच्या राज्यांना १२. २०११ च्या आकड्यांवर पहिल्या गटात ९ राज्ये येतात, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात ७, चौथ्यात ४. बेरीज २०९. दिल्ली, पुदुच्चेरी आणि जम्मू-काश्मीरच्या आजच्या ८ मिळवल्या की २१७. आज निवडून येणारे २३३ आहेत, म्हणजे सभागृह मोठे करावे लागत नाही.

या वाटपात उत्तरेतल्या चार राज्यांना ४४ आणि दक्षिणेतल्या पाचांना ४६ जागा मिळतात. लोकसभेत २०० विरुद्ध ११३ असले, तरी राज्यसभेत दोघे बरोबरीला येतात. सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान राज्य यांचे प्रमाण ३१ ला १ ऐवजी ४ ला १ होते. आकडे पुढेमागे करता येतील. महत्त्वाचे आहे ते तत्त्व.

त्याला चार अटी जोडाव्या लागतील. पहिली, उमेदवाराला राज्याचा रहिवासी असण्याची अट परत यावी. दुसरी, राज्यांच्या अधिकारांना, महसुलाला किंवा सीमांना हात लावणाऱ्या विधेयकांवर संयुक्त बैठक आणि धनविधेयक या दोन्ही पळवाटा बंद व्हाव्यात. तिसरी, नवे राज्य झाले तर जुन्या राज्याच्या जागाच दोघांत वाटल्या जाव्यात, जसे आंध्र-तेलंगणाच्या वेळी १८ च्या ११ आणि ७ झाल्या. वाढीव जागा हव्या असतील तर घटनादुरुस्ती करावी.

चौथी अट लहान पक्षांसाठी आणि अल्पसंख्याकांसाठी महत्त्वाची आहे. राज्यसभेचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात. महाराष्ट्राच्या १२ जागा झाल्या तर एका वेळी चारच निवडायच्या, आणि २८८ आमदारांत एका जागेसाठी ५८ मतांचा कोटा लागेल. त्याऐवजी दर तीन वर्षांनी सहा जागा भरल्या तर कोटा ४२ वर येतो. कोटा जितका लहान, तितकी मोठ्या पक्षांबाहेरच्या माणसाला संधी जास्त.

मराठी माणसाची परीक्षा

या आराखड्यात महाराष्ट्राच्या राज्यसभेतल्या १९ च्या १२ होतात. तामिळनाडूच्याही १८ च्या १०. मोठ्या राज्यांनी काही सोडल्याशिवाय समतोल येत नाही. दक्षिणेला लोकसभेतले गोठलेले वजन सोडावे लागेल, उत्तरेला राज्यसभेतले वर्चस्व, आणि आपल्याला सात जागा. लोकसभेत आपल्या दोनेक जागा वाढतात हे खरे, पण एकूण हिशेबात आपण देणारेच आहोत. ज्याचा या वादात फारसा फायदा नाही, त्यानेच मध्यस्थी करावी. महाराष्ट्र त्या जागेवर आहे.

कोणी म्हणेल, हे होणार कसे? संसदेतल्या राज्यांच्या प्रतिनिधित्वात बदल करायचा तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश बहुमत आणि निम्म्या विधानसभांची संमती लागते. अवघड आहेच. पण लक्षात घ्या, गोठवण्याची मुदत संपायला कोणाची संमती लागत नाही. ती संपते. लोकसभेची फेररचना पुढे साध्या बहुमताच्या कायद्यानेही होऊ शकते. राज्यसभेची सुधारणा मात्र सर्वांना एकत्र बसल्याशिवाय होणार नाही. म्हणजे काहीच केले नाही तर एक पारडे हलेल आणि दुसरे जागच्या जागी राहील. लोकसभेच्या जागा ५५० च्या वर न्यायच्या असतील तर मात्र सरकारलाही घटनादुरुस्तीच करावी लागेल. सौदा करण्याची वेळ तीच आहे: एकाच दुरुस्तीत दोन्ही सभागृहे, आणि लोकसभेतला बदल दोन निवडणुकांत टप्प्याटप्प्याने.

आपल्या हातात काय आहे? प्रत्येकाचा एक खासदार आहे आणि एक आमदार. राज्यसभेचे सदस्य आमदार निवडतात आणि घटनादुरुस्तीला संमती विधानसभा देते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पुढच्या सभेत, पुढच्या निवेदनात त्यांना एवढेच विचारा: लोकसभेच्या जागा बदलल्या तर राज्यसभेचे काय करणार आहात? या प्रश्नाचे उत्तर अजून कोणत्याही पक्षाकडून मिळालेले नाही. संख्येने कमी असलेल्यांनी तरी तो विचारायला उशीर करू नये.